गळवावर ‘यूव्ही’ दिवा धरावा का?

कोल्हापूरच्या तालमीत राहून कुस्ती शिकणाऱ्या १९ वर्षांच्या एका मुलाच्या वडिलांनी हे विचारलंय. मुलाला गेल्या आठ महिन्यांत पाच गळवं झाली. बहुतेक मांडीवर आणि बसायच्या जागी, एक काखेत. दर वेळी गोळ्यांचा कोर्स झाला, दर वेळी उतार पडला, आणि महिना उलटायच्या आत नवं ठणकायला लागलं. आता त्यांनी हातात धरायचा एक ‘यूव्ही’ दिवा ऑनलाइन पाहिलाय. खोक्यावर ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असं छापलंय. हा दिवा रोज दहा मिनिटं गळवावर धरला तर गोळ्या टळतील का, हा त्यांचा प्रश्न. शिवाय त्यांचे वडील सांगायचे की पूर्वी काळपुळी ‘लाइट देऊन’ बरी करायचे, ते खरं का, असंही त्यांनी विचारलंय.

मी त्वचारोगाचा डॉक्टर. प्रॅक्टिसला पंचवीसच्या वर वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी दवाखान्यातली प्रकाशोपचाराची खोली चालवण्यात गेली. कोड, सोरायसिस, इसब, मुरुमं, सगळ्यांना मी दिवे दिलेत. त्यामुळे प्रकाशाशी माझं वैर नाही, उलट त्यावरच माझं पोट आहे. तरीही तुमच्या मुलाच्या बाबतीत उत्तर ‘नको’ असंच आहे. कारण मात्र तुम्हाला वाटतंय ते नाही. दिवा खोटा असेल म्हणून नको, असं मी म्हणत नाही. दिवा अगदी अस्सल असेल तर जास्तच नको.

खरा प्रश्न काय आहे ते आधी बघू. प्रकाशाने जंतू मरतात का? मरतात. डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं की उन्हात ठेवलेल्या नळ्यांमधल्या द्रावात जंतू वाढत नाहीत. आपल्या आज्या गाद्यांना ऊन दाखवायच्या ते उगाच नव्हे. पण काचेच्या नळीत, ताटलीत किंवा मोबाइलच्या पाठीवर मोकळे पडलेले जंतू वेगळे आणि मांडीच्या कातडीखाली पुवाच्या पिशवीत बसलेले वेगळे. प्रकाश तिथवर पोचतो का, पोचला तर पुरेसा पोचतो का, आणि तो पोचेपर्यंत वरच्या कातडीचं काय होतं, हे तीन प्रश्न आहेत. खोक्यावरचे ९९.९ टक्के पहिल्याच प्रश्नाला अडखळतात.

‘यूव्ही’ म्हणजे अतिनील किरण, आणि ते एका जातीचे नसतात. जंतू मारायला जे वापरतात ते सर्वात तोकड्या लहरींचे, यूव्ही-सी. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून निघणारे, २५४ नॅनोमीटरचे. पेशीतला डीएनए जिथे सर्वात जास्त प्रकाश शोषतो त्या २६० च्या अगदी शेजारी ही लहर येते. तिच्या माऱ्याने डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात, मग जंतूला स्वतःची नक्कल काढता येत नाही आणि त्याची वाढ थांबते. पृष्ठभाग मोकळा असेल तर यासाठी दर चौरस सेंटीमीटरला काही मिलिज्यूल एवढी चिमूटभर ऊर्जा पुरते.

आता गंमत बघा. माणसाच्या उघड्या कातडीवर आणि डोळ्यांवर याच २५४ च्या किरणांची दिवसभरात किती मात्रा पडू द्यावी याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात बरीच वर्षं चालत आलेली मर्यादा आहे ६ मिलिज्यूल. म्हणजे जंतू मरायची मात्रा आणि आपण जपायची मात्रा जवळजवळ एकच. साहजिक आहे, डीएनए त्याचाही तोच आणि आपलाही तोच. हा किरण माणूस आणि जंतू असा भेद करत नाही.

आणि खोली? कातडीचा वरचा थर, ज्याला आम्ही एपिडर्मिस म्हणतो, तो मांडीवर साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. यूव्ही-सी त्यातच विरतो. गळू सुरू होतं ते केसाच्या मुळाशी, म्हणूनच आपल्याकडे त्याला केसतूड म्हणतात. ते मूळ काही मिलिमीटर खाली असतं. पिकलेल्या गळवाची पिशवी तर बोटाच्या पेराएवढी खोल जाऊ शकते. म्हणजे छपरावर टॉर्च मारून तळघरातला उंदीर शोधायचा प्रकार. घटकाभर धरू की किरण पोचला असं गृहीत, तरी ९९.९ टक्क्यांचा हिशोब करा. पुवात एक कोटी जंतू असले तर उरले दहा हजार. त्यांना पुन्हा कोटीवर जायला एक रात्र पुरते.

माझ्याकडे दोनेक वर्षांपूर्वी एक कॉलेजचा मुलगा आला होता, काखेतल्या गळवावर असाच दिवा धरून. दिवा दुर्दैवाने अस्सल निघाला. काख भाजल्यासारखी लालबुंद, गळू जिथल्या तिथे. पण तो आला होता डोळ्यांसाठी. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन उठला, उघडता येईनात. वेल्डिंगकडे बघत बसलेल्या माणसाचं होतं तेच. किरण डोळ्यांना दिसत नाही, लागताना दुखत नाही, सहा-बारा तासांनी कळतं. त्याच्यासोबत खोलीत बसून गंमत बघणाऱ्या मित्राचेही डोळे तसेच पोळले होते. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने अतिनील दिवे हातांवर किंवा कातडीवर वापरू नका असं स्वच्छ सांगितलं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा काही हाती दिव्यांबद्दल थेट इशाराच दिला. ते सगळं कागदावर राहिलं, दिवे बाजारात राहिले.

बाजारातले बरेच दिवे मात्र अस्सल नसतात. जांभळा-निळा झगझगीत उजेड दिसला की लोकांना वाटतं हाच यूव्ही. पण यूव्ही-सी दिसतच नाही. स्वस्त दिव्यात बहुधा ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचे एलईडी असतात, लग्नाच्या डीजेत पांढरे शर्ट चमकवतात तसले. त्यांनी भाजण्याचा धोका कमी, पण एक फट आहे. वारंवार गळवं येणाऱ्याला आम्ही पुष्कळदा डॉक्सिसायक्लिन देतो आणि ते औषध कातडीला प्रकाशाबाबत हळवं करतं. तुमच्या मुलाला दिलेल्या पाकिटावर हे नाव आहे का, बघून ठेवा. असेल तर दिवाच काय, दुपारच्या उन्हातला सरावही जपून. तसंच कोणी बावची उगाळून लावायला सांगितली तर नाही म्हणा. बावचीत सोरालेन असतं. ते कोडासाठी मोजूनमापून वापरायचं द्रव्य आहे, लावून उन्हात बसलं तर फोड येतात.

तुम्ही म्हणाल, मग मुरुमांवर निळा दिवा चालतो तो कसा? रास्त प्रश्न. तिथला खेळ वेगळा आहे. मुरुमांत सापडणारा जंतू, क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस, स्वतःच्या अंगात पोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य साठवतो. आम्ही अंधाऱ्या खोलीत ‘वुड्स लॅम्प’ नावाचा दिवा नाकावर धरतो तेव्हा नारिंगी-तांबडे ठिपके चमकतात, ते हेच. जांघेत होणाऱ्या एरिथ्राझ्मा या जंतुरोगात सगळा पट्टाच पोवळ्यासारखा चमकतो, कारण तेच. या पोर्फिरिनवर साधारण ४१५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की त्यातून जहाल ऑक्सिजन तयार होतो आणि जंतू आतूनच जळतो. म्हणजे मारेकरी तो स्वतःच बाळगतो, आपण फक्त काडी लावतो. कल्पना देखणी आहे. पण निळा प्रकाशसुद्धा कातडीत मिलिमीटरभरात बहुतेक संपतो, आणि मात्रा लागते ती मिलिज्यूलमध्ये नव्हे, दर चौरस सेंटीमीटरला दहा ते शंभर ज्यूल. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन महिने. मध्यम मुरुमांना उतार पडतो, सोडलं की बऱ्याच जणांना परत येतात. मी तो देतो, पण एकटा क्वचितच.

मुरुमांसाठी घरी वापरायच्या निळ्या दिव्यांच्या मुखवट्यांची गणितं करून बघायची मला खोड आहे, तीही सांगतो. ताकद गुणिले वेळ म्हणजे मात्रा. दर चौरस सेंटीमीटरला ४० मिलिवॉट देणारा दवाखान्यातला पॅनेल २० मिनिटं लावला की ४८ ज्यूल. ५ मिलिवॉट देणारा खेळण्यासारखा मुखवटा तेवढाच वेळ लावला की ६. दिसायला दोन्ही सारखेच निळे. आणि दिवा दुप्पट लांब धरला तर छोट्या दिव्याची ताकद साधारण चौथाईवर येते. ‘दहा मिनिटं धरा’ या सूचनेला म्हणूनच काही अर्थ नसतो, जोवर किती ताकदीचा आणि किती अंतरावरून हे लिहिलेलं नाही.

गळवाचा जंतू मुख्यतः स्टॅफिलोकोकस ऑरियस. याच्याकडे पोर्फिरिन असतं, पण मुरुमांच्या जंतूच्या मानाने थोडं. त्याचा सोनेरी रंग निळ्या प्रकाशाने फिका पडतो आणि मग तो हायड्रोजन पेरॉक्साइडला लवकर बळी पडतो, असं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. मला त्याचं फार कौतुक आहे. पण ती प्रयोगशाळेतली वाट आहे, तुमच्या पोराच्या मांडीपर्यंत अजून आलेली नाही. कातडीवर पसरणारा दुसरा नेहमीचा जंतू, स्ट्रेप्टोकोकस, पोर्फिरिन बनवतच नाही. त्याला निळा दिवा आणि ट्यूबलाइट जवळजवळ सारखेच. धावरं, म्हणजे झपाट्याने पसरणारी लाल, तापलेली सूज, त्याच्यामुळे होते. तिथे दिव्यात दोन दिवस घालवणं म्हणजे दवाखान्यात भरती व्हायची तयारी.

तुमच्या वडिलांच्या आठवणीकडे येतो, कारण ती अगदी निराधार नाही. आपल्याकडे ‘लाइट देणे’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: अतिनील दिवा, तांबड्या दिव्याचा शेक, आणि क्ष-किरण. कॅन्सरच्या रेडिएशनलाही लोक ‘लाइट’ नाहीतर ‘शेक’च म्हणतात. त्यांनी यातलं काय पाहिलं हे आता सांगता येणार नाही, पण तिन्ही वापरात होतं.

प्रकाशाने कातडीचा जंतुरोग बरा करण्याची मोठी गोष्ट आहे ती नील्स फिन्सेन यांची, कोपनहेगनची. ल्युपस व्हल्गॅरिस, म्हणजे चेहऱ्याचा क्षय, नाक-गाल कुरतडत जायचा आणि औषध काही नव्हतं. फिन्सेन यांनी कार्बनच्या प्रखर दिव्याचा उजेड भिंगांनी एकवटून त्यावर टाकला. १९०३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. मला त्या पद्धतीतला एक बारकावा फार आवडतो. परिचारिका स्फटिकाचं एक भिंग त्या जागी दाबून धरायची, कातडी पांढरी पडेपर्यंत. कारण रक्त प्रकाश पिऊन टाकतं हे त्यांना कळलं होतं. लहान नाण्याएवढ्या जागेवर तासभर, असं महिनोन् महिने. शंभर वर्षांनी, २००५ मध्ये, डेन्मार्कमधल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी ती जुनी भिंगं तपासली, तर तोकडे अतिनील किरण त्यांतून पारच होत नव्हते. क्षयाच्या जंतूतल्या पोर्फिरिनवर पडणारा जांभळा-निळा उजेडच बहुधा कामाला आला होता. म्हणजे मुरुमांवरच्या दिव्याचा हा पणजोबाच. एवढ्या कष्टांनंतर, रक्त दाबून काढून, त्यांनी दोन-तीन मिलिमीटरचा रोग हटवला. दहा मिनिटं दिवा फिरवून आपल्याकडून पुवाची पिशवी हटेल का, याचा अंदाज यावरून येईल.

क्ष-किरणांची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. पेनिसिलिनच्या आधी काळपुळीवर, मुरुमांवर थोडे थोडे क्ष-किरण देत, आणि दुखणं-सूज कमी झाल्याचं डॉक्टर लिहून ठेवत. पण जंतू त्याने मरत नव्हते. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. सगळ्या अंगावर एकदम ४-५ ग्रे पडले आणि उपचार झाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. कॅन्सरच्या गाठीला कित्येक आठवड्यांत मिळून ५० ते ७० ग्रे देतात. आणि स्टॅफिलोकोकसच्या दहातले नऊ मारायला लागतात काही शे ग्रे! जंतू या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी चिवट. तुमच्या मुलाच्या गळवाला बांधलेली निर्जंतुक पट्टी बघा. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘आयसोमेड’ १९७४ पासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी अशा वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करतं. तिथली नेहमीची मात्रा २५ किलोग्रे, म्हणजे २५,००० ग्रे. कापसाच्या बोळ्याला ते चालतं, मांडीला नाही. किरणांचा खरा उपयोग जखमेवर नाही, जखमेला लागणाऱ्या सामानावर.

मग तेव्हा सूज उतरायची कशी? कमी मात्रेने दाहाच्या पेशी शांत होतात म्हणून. किंमत मात्र नंतर चुकवावी लागायची. इस्रायलमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे हजारो स्थलांतरित मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर क्ष-किरण दिले गेले. तिथेही बुरशी किरणांनी मरत नव्हती. केस गळून पडायचे आणि बुरशी केसांबरोबर जायची. पुढे त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठी जास्त दिसू लागल्या, आणि १९९४ मध्ये तिथल्या सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. म्हणून आज कोणी गळवाला क्ष-किरण देत नाही. वडिलांची आठवण खरी असेल, तो उपाय परत आणू नका.

इथवरचं थोडक्यात: यूव्ही-सी जंतू मारतो पण कातडीही मारतो आणि खोल जात नाही. निळा प्रकाश त्याहून सौम्य, पण गळवापर्यंत तोही पोचत नाही. क्ष-किरण पोचतात, पण जंतू मारण्याएवढे दिले तर आधी मांडी जाईल. हल्ली २२२ नॅनोमीटरच्या ‘फार-यूव्ही’चा बोलबाला आहे. तो वरच्या मेलेल्या थरातच अडतो म्हणून कातडीला सुरक्षित, असं सांगतात. ठीक, पण जो जिवंत पेशींपर्यंत जात नाही तो केसाच्या मुळाशी कुठून जाणार?

आता दिवा बाजूला ठेवून मुलाकडे बघू. आठ महिन्यांत पाच गळवं म्हणजे गोळ्या हरल्या असं नाही. गोळ्या प्रत्येक गळू जिंकतात, पण जंतू पुन्हा कुठून तरी येतो. ते ‘कुठून’ शोधायचं आहे, आणि ते माणसागणिक बदलतं.

पहिली जागा नाक. निरोगी माणसांतल्या साधारण चौघांत एकाच्या नाकात हा जंतू बिनबोभाट राहतो. नाकाला बोट, बोट मांडीला, की झालं. दुसरी जागा तालीम स्वतः. मला तालमींबद्दल आदर आहे, माझे काका पट्टीचे पैलवान होते. पण एक टॉवेल चौघांत, एकच रेझर फिरणारा, ओला लंगोट दोरीवर सावलीत, मॅट आठवड्यातून एकदा पुसलेली, आणि घामाने भिजलेली अंगं एकमेकांवर घासणारी. जंतूला याहून चांगला आखाडा कुठला? तुमच्या मुलाच्या जोडीदारांपैकी कोणाला गळवं होतात का, हे आधी विचारा. होत असतील तर एकट्या मुलाला औषध देऊन काहीच व्हायचं नाही.

माझ्याकडे असा मुलगा आला तर मी काय करतो ते सांगतो. पिकलेलं गळू असेल तर चीर देऊन पू काढतो. गळवावरचा हा मुख्य उपचार आहे, गोळी दुय्यम. घरी दाबून फोडायचं नाही. कोमट पाण्याच्या फडक्याचा शेक मात्र जरूर, दिवसातून तीन-चार वेळा. तो पू कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायला, पाठवतो, कारण जंतू नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, एमआरएसए, असेल तर तिसऱ्यांदा तेच औषध लिहिण्यात अर्थ नाही. पाच वेळा कोर्स झाले, पण एकदा तरी कल्चर झालं का, हे तुमच्या प्रश्नात नाही. साखर तपासतो, एकोणीस वर्षांचा पैलवान असला तरी. पुढची गळवं काखेत आणि जांघेतच, त्याच त्याच जागी येत राहिली, खाली बोगदे आणि व्रण राहू लागले, तर तो जंतूंचा नव्हे, हायड्राडेनायटिस नावाचा वेगळाच आजार असू शकतो. तो वर्षानुवर्षं ‘गळवं’ म्हणून अंगावर काढलेले रुग्ण मी बघितलेत.

जंतू नाकात-अंगावर ठाण मांडून असेल तर नाकात म्युपिरोसिन मलम पाच दिवस, दोन वेळा, आणि त्याच काळात क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने आंघोळ. हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, आणि शक्यतो खोलीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात. टॉवेल, लंगोट, रेझर स्वतःचे. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळत घाला, मॅट रोज जंतुनाशकाने पुसा. गळू झाकलेलं आणि कोरडं होईपर्यंत कुस्ती बंद. वस्तादांना हे पटवणं माझ्या सगळ्या औषधांपेक्षा अवघड जातं, पण मी फोन करून सांगतो. ऊन मिळतंच आहे, तर प्रकाशाचा उपयोग इथे करा, कपड्यांवर. तो फुकट आहे आणि त्याने डोळे पोळत नाहीत.

वरच्या ओठावर किंवा नाकावर गळू आलं, ताप भरला, लाली तासातासाला पसरू लागली, किंवा मुलगा मलूल झाला तर यातलं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

नाहीतर पुढचं गळू पिकेल तेव्हा पू तपासायला द्यायला विसरू नका. रिपोर्टात जंतूच्या नावाखाली औषधांची यादी असते, कशाला दाद देतो आणि कशाला नाही. ती यादी, आणि जोडीदारांपैकी किती जणांना गळवं होतात तो आकडा, एवढं कळवलंत की पुढचं नेमकं बोलता येईल.